दिवा नेला तेव्हा हातात राहिलेलं उत्तर

अगं ए सोजर, सरक जरा इकडं. अशी भिंतीकडं तोंड करून काय पडलीस? डोळे उघड आधी. तुझं हे नेहमीचंच. भांडण रंगात यायचं, मी दोन्ही हात वर करून आता हिला चांगलं सुनवावं म्हणायची, की तू पापण्या मिटून घ्यायचीस. झालं! बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की समोरच्याचं तोंडच बंद. बाकीची माणसं भांडताना कानांत बोटं घालतात, तरी चार शब्द आत शिरतातच. तुझ्या पापणीतून एक अक्षर कधी आत गेलं असेल तर शपथ! आणि आता तर कायमचीच मिटून बसलीस. काल दहावा झाला तुझा. कावळा लगेच शिवला म्हणून तुझा भाऊ खूश. त्याचे ओठ मला नीट वाचता येतात. "बाईची कायबी इच्छा मागं राहिली न्हाय," म्हणाला. मी मनात म्हटलं, कावळ्याला काय विचारता, मला विचारा.

तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून लिहायला बसले आहे. लहानपणी थोरल्या भावाच्या पाटीवर बघून बघून अक्षरं उचलली, तेवढीच माझी शाळा. मी पोथी उघडली की तू म्हणायचीस, "बसली बघा मुंग्या राखत!" तर आता आणखी थोड्या मुंग्या सोडते कागदावर. दुसरं कुणी वाचेल त्याच्यासाठी एवढंच सांगते. सोजर अणदूरची कासारीण. जन्माची बहिरी. डोक्यावर टोपली, खांद्यावर बांगड्यांच्या माळा, आणि पायाखाली पंचक्रोशीतलं एकूण एक गाव. मी गोदा, अणदूरपासून दोन कोसांवरची, लग्न होऊन पोर झाल्यावर बहिरी झालेली. सोजरचं बोलणं सगळं हातांचं. पण मी ते तोंडच्या बोलण्यासारखंच लिहिणार आहे, कारण मला ते तसंच ऐकू यायचं.

गाव तुला मुकी कासारीण म्हणायचं. त्या शब्दाला ओठ कसे मिटतात हे तुला बरोबर ठाऊक होतं, आणि तो दिसला की तुझा तिळपापड व्हायचा. "म्या दिसभर बोलती. ह्यांना कळत न्हाय. मग मुकं कोन?" कान असलेल्या माणसांसाठी तुझ्याकडं एक खूण होती. दोन मनगटं एकावर एक ठेवायचीस, दोरीनं आवळल्यासारखी. बांधल्या हाताची माणसं. पाटील आला तरी बांधल्या हाताचा, निजामाचा अमीन आला तरी बांधल्या हाताचा. "बिचारी," असं म्हणून तू वर चुकचुकायचीस. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला हसू आलं नव्हतं. मी तेव्हा त्यांच्यातलीच होते ना, नुसते कान गेलेली.

मानमोडीच्या साथीत गेले माझे कान. घरोघर माणसं पडली होती, सरणाला लाकूड मिळत नव्हतं. मी वाचले हेच लई म्हणायचं. ताप उतरला आणि एका सकाळी जात्यावर बसले. जातं फिरतंय, पीठ पडतंय आणि घरघर नाही. मला वाटलं, पाळीत काही अडकलंय. दोनदा वरची पाळ उचलून बघितली.

सासूबाईंनी गावात सांगितलं, "पोरीच्या कानात दडा बसलाय. सुटंल." मला सक्त ताकीद होती, चारचौघांत असं दाखवायचं नाही म्हणून. मग मी मान डोलवायला शिकले. कुणी ओठ हलवले की मान डोलवायची. समोरचा हसला की हसायचं, त्यानं तोंड पाडलं की आपणही पाडायचं. कधी चुकायचं. शेजारीण डोळ्याला पदर लावून काही सांगत होती, मला वाटलं धुराचं पाणी आहे, आणि मी आपली "बरं झालं, बरं झालं" म्हणतेय. तिची म्हैस मेली होती. पुढं वर्षभर ती माझ्या दारावरून गेली नाही. तुला हे सांगितलं तेव्हा तू पोट धरून लोळली होतीस, आणि नंतर कुठल्याही गावात म्हैस दिसली की मला खूण करायचीस, "बरं झालं का गं?"

पण त्या मानेनं एकदा माझा संसारच मोडीत काढला असता.

मला पोरगी एकच, यमी. मुलगा नाही, आणि वर हा कानाचा दडा. एके दिवशी ढोकीकडचा एक पाव्हणा सोप्यात येऊन बसला. सासूबाईंनी मला उंबऱ्यापाशी बोलावलं. पाव्हणा माझ्याकडं बघून काहीतरी बोलला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान डोलवली. त्यानं परत काही विचारलं, मी परत डोलवली आणि हसलेही. त्याला बरं वाटलेलं दिसलं. मला वाटलं, माझ्या हातच्या भाकरीला नावाजतोय.

मग घरात सारवण-पोतेरं सुरू झालं, पाव्हणा दुसऱ्या खेपेला आला, आणि त्याच दिवशी बायकांना चुडे भरायला तू आलीस. त्या आधी मी तुला दुरून बघितली होती. जवळून अशी पहिल्यांदाच. बांगडी फुटकी आहे का बघायला बाकीच्या कासारणी दोन बांगड्या एकमेकींवर वाजवतात. तू प्रत्येक बांगडी समोरच्या दाताला लावून बघत होतीस. यमीला त्याची गंमत वाटत होती. माझा डावा हात घेतलास, बोटांची पेरं अशी काही आवळलीस की हात रुमालासारखा झाला, आणि हिरवा चुडा सरसर मनगटावर गेला. मागं बायका हसत होत्या. मीही हसत होते. तू एकदा त्यांच्याकडं बघितलंस, एकदा माझ्याकडं. हात थांबवलेस.

मग तू बोललीस. मला तुझी बोली कुठं येत होती तेव्हा? पण कळलं सगळं. आधी माझ्या कुंकवाकडं बोट केलंस, मग सोप्यात बसलेल्या मालकांकडं. मग कपाळावर बाशिंग बांधलंस. टोपलीतून एक चुडा काढलास, बारीक मापाचा, सासूबाईंनी मुद्दाम मागवलेला. माझ्या मनगटाजवळ धरलास: हिच्या हातात जायचा नाही. यमीच्या मनगटाजवळ धरलास: हिला ढिला. मग हवेत एका पोरीची उंची दाखवलीस, यमीहून मोठी, माझ्याहून लहान. तिला बाशिंग बांधलंस. आणि माझ्याकडं बघत राहिलीस.

आणि मी काय करावं? सवयीनं मान डोलवली!

तेव्हा तू माझी हनुवटी धरलीस. घट्ट, लगाम धरावा तशी. मान हलू दिली नाहीस. तुझे डोळे असे माझ्यावर रोखलेले, आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागच्या जागी बसत गेली. पाव्हणा. उंबरा. बायकांचं हसू. मी ज्याला हो म्हणाले होते ते.

एक हात भरलेला, एक हात मोकळा, अशीच उठून सोप्यात गेले. पाव्हणा, मालक, गावचे चार जाणते, सगळे सुपारी कातरत बसलेले. माझा आवाज किती मोठा लागला ते मला ठाऊक नाही, पण दावणीची बैलं माना वर करून बघायला लागली होती.

"थांबा. म्या बहिरी हाय," म्हटलं. "तुमी काय इचारलं ते म्या ऐकलंच न्हाय. आता परत इचारा. माझ्याकडं तोंड करून, सावकाश."

तोवर 'बहिरी' हा शब्द मी स्वतःसाठी कधी उच्चारला नव्हता. आत वाटलं, आता छप्पर कोसळेल. काही कोसळलं नाही. पाव्हण्यानं पटका सारखा केला आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं. मी त्याचे ओठ बघितले आणि "न्हाय" म्हटलं. पुढं तो जे बोलला ते दाराआडून यमीनं ऐकलं होतं, आणि मोठी झाल्यावर मला सांगितलं. "सवतीवर पोरगी द्यायला म्या तयार हुतो," असं तो मालकांना म्हणाला. "गरिबाला चालतं. पन घरच्या बाईला अंधारात ठिवून न्हाय. आज हिला फसवताय, उद्या माझ्या लेकीला फसवाल." आणि जोड्यात पाय घालून निघाला.

सासूबाईंनी माझ्याशी सहा महिने अबोला धरला. हे तुला खुणा करून सांगितलं तर तुला खरंच वाटेना. "बहिऱ्या बाईशी अबोला?" परत विचारलंस. "मग तुला कळवलं कुनी?" मालकांनी मात्र, खरं सांगायचं तर, त्या दिवसानंतर तीन-चार खुणा शिकून घेतल्या. पाण्याची खूण ते शेवटपर्यंत चुकीची करायचे, 'आंघोळ कर' अशी. मी रागावायची नाही. हाताची दोरी थोडी तरी सैल झाली, असं म्हणायची.

त्याच वर्षी तू मला जत्रेला नेलंस. पौषी पुनवेची नळदुर्गाची जत्रा. आपला खंडोबा अणदूर सोडून तिथं मुक्कामाला जातो, आणि तू म्हणायचीस, "देवाला बी सासर-माहेर चुकलं न्हाय." मी लहानपणापासून जत्रा बघितलेली. पण बारवेच्या मागल्या अंगाला, गर्दी सोडून, एक वेगळीच जत्रा भरते हे मला काय माहीत? तिथं आपली माणसं बसली होती. कुणी धनगर, कुणी शेतकरी, कुणी मोलमजुरीचं. सगळी बहिरी. तू बांगड्या विकत गावोगाव हिंडून एकेकाला हुडकलं होतंस. कुणाच्या गोठ्यातून, कुणाच्या माळवदावरून. कुणाला घरच्यांनी येडं म्हणून कोंडलं होतं, त्याला तू भावाच्या बैलगाडीत घालून आणलं होतंस.

त्यांतला मिशी, झुबकेदार मिशांचा, आळंदकडचा धनगर. त्याच्या घरी कानडी. आणि डाग, कल्हईवाला, भुवईवर भाजल्याची खूण असलेला. त्याच्या घरी दख्खनी. मिशीचा भाऊ आणि डागाचा बाप बाजूला उभे राहून एकमेकांशी बोलायला बघत होते आणि त्यांचं काही केल्या जमत नव्हतं. एक म्हणतोय काय, दुसरा समजतोय काय! आणि इकडं मिशी न् डाग बोलत होते असे, जसं एका ताटात जेवून वाढलेत. मिशी बकरी कशी चोरीला गेली ते सांगत होता, तर त्याच्या बोटांत मला बकरी दिसली, चोर दिसला, चोराच्या पायातला काटासुद्धा दिसला. येळकोटाची गर्दी वरच्या अंगाला उसळली, शंभर तोंडं एकदम उघडली, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं. मी कान टवकारले. जुनी खोड. तू माझ्या गुडघ्यावर चापट मारलीस. "तिकडं काय बघतीस? इकडं मिशी चोराला पकडाय लागलाय!"

आपल्यात नाव मागायचं नसतं, ते पडतं. मिशीचं मिशीवरून, डागाचं डागावरून. तुझं सगळ्यांत देखणं होतं, डाव्या हाताची पेरं उजव्या हातानं आवळायची आणि हात मनगटाकडं सरकवायचा, बांगडी भरल्यासारखा. माझं नाव तू त्या दिवशी पाडलंस. सगळ्यांना सोप्यातली गोष्ट सांगितलीस, पाव्हणा, चुडा, बैलं, सगळं, आणि शेवटी आपली हनुवटी चिमटीत धरलीस. झालं माझं नाव. मला राग आला. म्हटलं, एखादं बरं नाव दे, माझ्या कपाळावर गोंदण आहे, त्याचं दे. तू म्हणालीस, "गोंदन तुज्या आयनं गोंदलं. ही हनवटी म्या धरली. ही आमची." पुढं तीस वर्षं मी तेच नाव लावते आहे.

बघ, हे सगळं तू मला दिलंस, हे लिहिताना हात आखडत नाही माझा. पण तू माझ्यावर एक अट टाकली होतीस, न बोलता, आणि ती मला कधीच पुरी जमली नाही. तुला वाटायचं, मी पुरी तुमच्यातली व्हावं. आणि पुरी म्हणजे, जे गेलं त्याची आठवणसुद्धा काढू नये. तू म्हणायचीस, "माझं काय गेलं? कायबी न्हाय. म्या हाय अशी अख्खी हाय. तू मात्र सुतकात असल्यागत बसतीस." तुझं खरं होतं, तुझ्यापुरतं. तू अख्खीच होतीस. पण सोजर, मी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या गं. यमी पाळण्यात हुंकार देत होती तो मी ऐकला होता. हे मी कुठं टाकून देऊ? हे म्हटलं की तू डोळे मिटायचीस.

मग तो नवस. आपल्या शेवटच्या मोठ्या भांडणाची गोष्ट, रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीच्या जत्रेतली. मी दर वर्षी देवळाच्या पायरीवर उभी राहून खंडोबाकडं एक मागणं मागत असे. कान परत दे, तुझं जागरण घालीन, वाघ्या-मुरळीची गाणी रात्रभर ऐकीन. ओठांतल्या ओठांत मागायची, पदराआड, तुला दिसू नये म्हणून. आणि त्या वर्षी काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. मी डोळे मिटून मागत होते आणि माझे हात मागायला लागले. आपोआप. दोन्ही कानांना बोटं, मग ओंजळ, मग ढोलकी, मग गाणं. इतक्या वर्षांत मी मनातही हातांनीच बोलायला लागले होते की काय, कोण जाणे. डोळे उघडले तर खाली गर्दीत तू उभी. हातात नारळ, आणि चेहरा असा की मला पायरी उतरवेना.

कान असलेल्या कुणाला माझं मागणं कळलं नव्हतं. शेकडो माणसांत ते एकट्या तुला कळलं.

"कवापासनं मागतीस?" तू विचारलंस.

"पहिल्यापासनं."

"म्हंजी दर साली आमच्यात बसतीस, आमचं खातीस, हसतीस, आनि वर जाऊन म्हनतीस, देवा मला ह्यांच्यातनं सोडीव?"

"सोडीव न्हाय म्हनत गं. नुसतं—"

"ज्या हातानं मागतीस तेच हात तो बांधून टाकंल," म्हणालीस. मनगटं एकावर एक ठेवलीस, घट्ट. आणि डोळे मिटलेस. मी तुझ्या दंडाला धरून हलवलं, तुझ्या समोर बसले, डाग मध्ये पडला. तू डोळे मिटूनच भावाच्या गाडीत चढलीस.

वाटलं होतं, बाजारच्या दिवशी भेटशील, एखादी तिरकी खूण करशील, मिटेल. पण मग ते साल उगवलं. रस्त्यावर रझाकारांची नाकी बसली. अंधारून आलं की कोण कुणाला 'थांब' म्हणेल याचा नेम नव्हता, आणि 'थांब' ऐकून जो थांबत नाही त्याचं काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या माणसांना ते ऐकूच येणार नाही, हे त्या नाक्यांवरच्या लोकांना कोण समजावणार? तुझ्या भावानं तुला वेशीबाहेर जाऊ दिलं नाही. टोपली खुंटीला लागली. मला यमीनं घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. त्या पौषात आपली जत्रा भरलीच नाही. मी इथं बसून विचार करायची, तिचा राग गेला असेल का? मग पोलीस ॲक्शन झाली, नाकी उठली, लोक गुढ्या उभारून नाचले. मी निघायचं म्हणते तोवर डाग कल्हईचा भाता घेऊन दारात आला आणि त्यानं तुझं नाव केलं, मग छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं.

तुझ्याकडं आले त्या दिवशी दिवेलागण झाली होती. तू घोंगडीवर पडलेली, हाडाची काडी झालेली. मला बघितलंस. मी उंबऱ्यातच उभी, आता डोळे मिटते की काय म्हणून. तू माझ्या कानाकडं बोट केलंस.

"आले का?"

"न्हाय."

"मग कशाला आलीस? दाखवाया?" आणि हसलीस. खोकला येईस्तवर हसलीस.

मग आपण लई बोललो. रझाकारांबद्दल नाही, दुखण्याबद्दल नाही. म्हशीबद्दल बोललो, मिशीच्या नव्या सुनेबद्दल बोललो. तुझ्या बोटांत आता तेवढी ताकद नव्हती, शब्द अर्धेच व्हायचे, पण मला कळत होते. मी विचारलं, तुझं लग्न कुणी केलं नाही म्हणून कधी वाईट वाटलं का? तू म्हणालीस, "म्याच कुनाला केलं न्हाय. दिसभर दुसऱ्याचं हात धरून कटाळा यायचा." आणि मग, मध्येच, काही ध्यानीमनी नसताना तू विचारलंस, "खरं सांग. अजून मागतीस?"

मी हात उचलले. उत्तर माझ्या बोटांत आलं होतं, सोजर. आणि तेवढ्यात तुझी भावजय आली, चुलीपुढं अंधार झाला म्हणून कोनाड्यातला दिवा उचलला आणि आत घेऊन गेली. तिची काही चूक नाही. बांधल्या हाताच्या माणसाला अंधारात बोलता येतं, आपल्याला नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नसेल. मी हाक मारली, "दिवा आना गं." माझा आवाज आता कितपत बाहेर पडतो देव जाणे, कुणी आलं नाही. तुझा हात हातात घेतला, पण हातात हात घेतला की ऊब तेवढी कळते. हो की नाही ते कळत नाही. तेवढ्यात गाडीवाल्याचं पोर आत येऊन माझा पदर ओढायला लागलं, बैलं जुंपलेली होती. मला वाटलं, बाजारच्या दिवशी येईन, सकाळच्या उजेडात बसून सांगेन.

बाजाराच्या आधी तू गेलीस.

काल दहाव्याला पुरुष ओढ्यावरून परत आले, तेव्हा तुझ्या अंगणात आपली माणसं येऊन उभी राहिली होती. खबर डागानं पोचवली, गावोगाव भांडी कल्हई करत करत. मिशी आळंदकडून चालत आला, मिशा आता पांढऱ्या झाल्यात. तुझी भावजय आणि गल्लीतल्या बायका रडत होत्या, तोंडं उघडी, छात्या पिटत. आणि आपली माणसं भिंतीकडेला गप उभी. तुझ्या भावाला वाटलं, यांना जेवायचं आहे. तो पत्रावळी मांडायला लागला.

आपल्यात रीत आहे, कुणी गेलं की त्याचं नाव सगळ्यांनी मिळून एकदा करायचं. पण पहिल्यांदा ते त्याच्या सख्ख्या माणसानं करायचं. मग बाकीच्यांनी. त्यानंतर ते नाव दुसऱ्या कुणाला पडत नाही. मला वाटलं, मिशी करील. तोच सगळ्यांत जुना, जन्माचा बहिरा, तुझ्यासारखाच अख्खा. मी आपली मागं सरून तुळशीपाशी उभी राहिले. त्या पायरीवरचं माझं मागणं तू सगळ्यांना सांगितलं असशीलच, असं मी धरून चालले होते.

मिशी वळला. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली, माझ्यावर आणून ठेवली, आणि आपली हनुवटी चिमटीत धरली.

मी छातीवर हात ठेवून विचारलं, "म्या?"

"मग कोन?" म्हणाला. "आमास्नी सगळं ठावं हाय. तिनं सांगितलं. रडली बी आनि शिव्या बी दिल्या. पन म्हनली, ती येडी देवाशी बी आपल्याच बोलीत बोलती." आणि थोडा वैतागून, "कर लवकर. भाताची वेळ झाली, तुजा भाऊ पत्रावळी मांडून बसलाय." त्यानं तुझ्या भावाला माझा भाऊ म्हटलं, ते चुकून का मुद्दाम, मी विचारलं नाही.

मी अंगणाच्या मध्ये आले. डाव्या हाताची पेरं आवळली आणि हात सरकवला, मनगटापर्यंत. तुझं नाव. सगळ्यांनी केलं. तुझा भाऊ पत्रावळ हातात धरून बघत राहिला. मग त्यानंही केलं, अडखळत. नाव त्याला ठाऊक होतं, सोजर. इतकी वर्षं ठाऊक होतं.

आणि आता सांगायचं ते हे. कुठंही रडारड असली, जत्रा असली, तोंडं उघडी दिसली, की माझे कान उभे राहायचे, तुला माहीतच आहे. आवाज कसा असेल, ते आठवून आठवून मी तो मनात भरून घ्यायची. काल सगळं अंगण रडत होतं आणि माझ्या ते ध्यानातच आलं नाही. मी हात बघत होते. आठ-दहा जणांचे हात. घरी येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तेव्हा आठवलं की मी ऐकायला गेलेच नव्हते.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दिवा नेला तेव्हा बोटांत जे होतं ते वेगळं होतं, ते मी आता सांगत नाही, ते त्या संध्याकाळचं होतं. आजचं सांगते. देवानं आज कान दिले तर मी घेईन. खोटं कशाला बोलू? यमी सहा वर्षांची असतानाचा तिचा आवाज मला आठवतो, मोठी झाल्यावरचा मी ऐकलाच नाही, तेवढ्यासाठी घेईन. पण मागायला त्या पायरीवर आता उभी राहणार नाही. येत्या पौषात बारवेमागं जाईन ती बसायला. जागरण मात्र घालणार आहे, कान येवोत न येवोत. वाघ्या नाचेल, आपण बघू. मिशीनं बकरं द्यायचं कबूल केलंय.

यातलं अर्धं तुला पटायचं नाही, मला माहीत आहे. न मागता घेणं आणि मागून घेणं, यात काय फरक, असं विचारशील. असेल, नसेल. ते आपण बोलू. मला तुझ्याशी सगळंच पटवून घ्यायचं नाही, तुझ्याशी बोलायचं आहे. तुझ्यासारखं भांडणारं इथं दुसरं कोण आहे? यमीला खुणा येतात, पण ती आईशी भांडत नाही.

म्हणून म्हणते, ये एकदा. रात्री स्वप्नाबिप्नात नको येऊस, तिथं उजेडाचा भरवसा नाही. सकाळची ये, ऊन ओसरीवर उतरलं की. शिवारात शाळू पोटरीला आलाय, दाणा भरला की हुरडा भाजू. पण हुरड्याची वाट बघत बसू नकोस गं, त्याच्या आधीच ये.